रोबो ऑफिसात, माणूस घरी: खरेदीआधी काय ठरवायचं

प्रश्न: माझा धाकटा भाऊ चाकणच्या एका ऑटो-पार्ट्स कंपनीत डिझाईन इंजिनीअर होता. हायवेवरच्या अपघातात त्याच्या मानेतल्या मज्जारज्जूला सी-६ पातळीवर (मानेच्या सहाव्या मणक्यापाशी) इजा झाली. आता तो कराडला आमच्या घरी असतो, व्हीलचेअरवर काही तास बसू शकतो, कॅड (कॉम्प्युटरवर ड्रॉइंग करायचं सॉफ्टवेअर) हळूहळू चालवतो. कंपनी त्याला परत घ्यायला तयार आहे. तिथे त्याच्यासाठी चाकांवर फिरणारा टेलिप्रेझेन्स रोबो, म्हणजे घरी बसून चालवायचा आणि त्याच्यातून पाहायचा-बोलायचा रोबो, ठेवू, असं म्हणतात. याचा खरंच उपयोग होतो का? कोणता घ्यावा? की व्हिडिओ कॉल पुरे?

उत्तर:

ताई, उपयोग होतो. पण "कोणता घ्यावा" हा प्रश्न सगळ्यात शेवटी यायला हवा. मी पुण्यात पुनर्वसनाची साधनं बसवून देण्याचं काम करतो. घराबाहेर पडू न शकणाऱ्या माणसांसाठी ऑफिसात किंवा वर्गात रोबो लावून देणं हा त्यातलाच एक भाग. जिथे रोबो टिकला आणि जिथे तो स्टोअररूममध्ये जाऊन पडला, तिथलं यंत्र बहुतेक वेळा सारखंच होतं. टिकला तिथे लोकांनी तो त्या माणसाचा मानला होता. दुसरीकडे तो कंपनीच्या मालमत्तेच्या यादीतली एक वस्तू राहिला. तुमच्या भावाचं कोणत्या बाजूला जाणार, हे पैसे खर्च करण्याआधीच बऱ्यापैकी ठरवता येतं.

व्हिडिओ कॉलचं आधी सांगतो. ठरलेल्या मीटिंगला कॉल पुरतो, तिथे रोबोची गरज नाही. पण डिझाईनवाल्याचं अर्धं काम मीटिंगच्या बाहेर होतं. ड्रॉइंग घेऊन टूलरूममध्ये जाणं, वाटेत कोणीतरी "हा टॉलरन्स एवढा टाईट कशाला दिलास?" म्हणून अडवणं, शेजारच्या डेस्कवरचं बोलणं कानावर पडल्यावर "थांब, हा पार्ट मी पाहिलाय" असं मध्येच बोलणं. यातल्या एकाही गोष्टीसाठी कोणी कोणाला कॉल लावत नाही. शिवाय कॉलमध्ये कॅमेरा समोरच्याच्या हातात असतो, तो दाखवेल तेवढंच दिसतं. रोबोमुळे तुमचा भाऊ कोणी न बोलावता तिथे असू शकतो आणि कुठे पाहायचं ते स्वतः ठरवू शकतो. एवढ्यासाठीच हा खर्च करायचा.

या क्षेत्रातलं मला सगळ्यात पटलेलं काम टोकियोत झालंय. केंतारो योशिफुजी यांच्या ओरी लॅबोरेटरीने "ओरिहिमे" नावाचा वीतभर उंचीचा रोबो बनवला. त्याला चाकं नाहीत, चेहरा दाखवणारा स्क्रीन नाही. नोह या पारंपरिक जपानी नाटकातल्या मुखवट्यासारखा शांत चेहरा, कपाळावर कॅमेरा, आणि मान व हात हलतात, बस्स. योशिफुजींचे सहकारी युता बान्दा चार वर्षांचे असताना अपघातात सापडले आणि पुढे वीस वर्षांहून जास्त काळ अंथरुणावर होते. हनुवटीने कॉम्प्युटर चालवायचे. ओरिहिमेतून ते योशिफुजींचे सचिव म्हणून काम करू लागले. लोकांना कॉफी नेऊन देता येईल असं मोठं शरीर बनवायची कल्पना या दोघांच्या बोलण्यातून निघाली. बान्दा २०१७ मध्ये वारले. नोव्हेंबर २०१८ मध्ये टोकियोच्या अकासाका भागात प्रयोग म्हणून कॅफे चालवला गेला, तिथे सुमारे १२० सेंटिमीटर उंचीचा "ओरिहिमे-डी" पेयं नेऊन देत होता. जून २०२१ मध्ये निहोनबाशी भागात "डॉन" हा कायमचा कॅफे सुरू झाला. रोबो चालवणाऱ्यांना तिथे पायलट म्हणतात. त्यांत स्नायू हळूहळू निकामी करणाऱ्या एएलएस व स्पायनल मस्क्युलर अ‍ॅट्रोफीचे, मणक्याला इजा झालेले लोक आहेत. ज्यांना बोटंही हलवता येत नाहीत ते नजरेने चालवतात.

त्या कॅफेतून मी दोन गोष्टी उचलल्या. पहिली, पायलटला प्रत्यक्ष काम दिलं गेलं: ऑर्डर घेणं, ग्राहकाशी बोलणं, ट्रे नेणं. नुसतं "हजर राहा" असं नाही. आणि त्याचा पगार पहिल्या प्रयोगापासून दिला, तासाला १००० येन, म्हणजे टोकियोतल्या तेव्हाच्या किमान वेतनापेक्षा किंचित जास्त. दुसरी गोष्ट स्क्रीन नसण्याची. आपल्याकडे विकले जाणारे बहुतेक रोबो म्हणजे दांड्यावर बसवलेला टॅबलेट, त्यात चालवणाऱ्याचा चेहरा दिसतो. ज्याच्या नाकात नळी आहे, ज्याच्यामागे पलंग आणि सलाईनचा स्टँड दिसतो, त्याला रोज आठ तास तसं दिसायचं असतंच असं नाही. नॉर्वेतल्या नो आयसोलेशन कंपनीचा "एव्ही-वन" हा आजारी मुलांसाठीचा वर्गातला रोबोही असाच आहे. मुलाला वर्ग दिसतो, वर्गाला मूल दिसत नाही. हात वर करायचा तर डोक्यावरचा दिवा लुकलुकतो, आणि आज नुसतं ऐकायचंय, बोलायचं नाही, असं असेल तर दिवा निळा होतो. तुमच्या भावाला चेहरा दाखवायचाय का, हे त्याला विचारा. एकट्याला विचारा, आई-वडील किंवा एचआरवाले समोर असताना नको. त्याच्या उत्तरावरून कुठला रोबो घ्यायचा हे निम्मं ठरतं.

आता त्याच्या शरीराकडे येतो, कारण विकणारे याबद्दल काही बोलत नाहीत. सी-६ मध्ये मनगट वर उचलता येतं, पण बोटांची पकड स्वतःहून होत नाही. मनगट उचललं की बोटं आपोआप थोडी मिटतात, तेवढ्यावर बरीच कामं जमतात. म्हणून मोबाईलच्या टचस्क्रीनवरून किंवा कीबोर्डच्या चार बाणांवरून रोबो चालवायला देऊ नका. मोठ्या गोळ्याचा ट्रॅकबॉल, किंवा हात आत ठेवता येईल अशा यू आकाराच्या पकडीची जॉयस्टिक लावा. बाण दाबून धरून ठेवणं त्याला दमवतं, आणि दमलेला माणूस रोबो दाराला धडकवतो. एक क्लिक केली की मजल्यावरच्या त्या जागी रोबो आपला आपण जातो, अशी सोय काही यंत्रांत असते. त्याच्यासाठी ती चैनीची गोष्ट नाही, गरजेची आहे.

बसण्याचं तर मी प्रत्येक घरात पुन्हा पुन्हा सांगतो. त्याला बुडाखाली दाब कळत नाही. काम रंगलं की अर्धा-पाऊण तास तो हलणार नाही, आणि तिथूनच बेडसोअरची सुरुवात होते. एक खोल जखम झाली की काही महिने पालथं पडून राहावं लागतं, नोकरी तिथेच थांबते. दर पंधरा ते तीस मिनिटांनी दाब काढायचा: पुढे वाकून, बाजूला कलून, किंवा मागे झुकणारी व्हीलचेअर असेल तर ती कलती करून. रोबोच्या स्क्रीनवरच अलार्म लावा आणि मीटिंग कितीही महत्त्वाची असली तरी तो पाळा. आधी चार तासांचा दिवस ठरवा, तेही मध्ये आडवं होऊन. पूर्ण शिफ्टचा आग्रह कंपनीचा असो वा त्याचा स्वतःचा, पहिले काही महिने मान्य करू नका.

आणखी एक गोष्ट आहे, ती चाकणच्या लोकांना सांगायची. मानेच्या इजेत लघवीची नळी अडकली, पोट साफ झालं नाही, कपडा कुठे घट्ट बसला, तर रक्तदाब एकदम चढू शकतो. अचानक ठणकणारं डोकं, चेहरा लाल, कपाळाला घाम. याला ऑटोनॉमिक डिसरिफ्लेक्सिया म्हणतात, आणि दुर्लक्ष केलं तर जिवावर बेतू शकतं. ताबडतोब ताठ बसवायचं, घट्ट असेल ते सैल करायचं, नळी तपासायची, उतरलं नाही तर लगेच डॉक्टर. तुम्ही स्वयंपाकघरात असाल, दार लोटलेलं असेल, तेव्हा त्याच्या चेहऱ्याकडे पाहणारा एकमेव माणूस चाकणला बसलेला असू शकतो. त्याला हे माहीत हवं, आणि त्याच्याकडे तुमचा नंबर हवा. स्क्रीन नसलेला रोबो घेतलात तर घरी कोणीतरी हाकेच्या अंतरावर असलंच पाहिजे.

नेटवर्कचं पाहू. कराड-चाकण अंतर दोनशे किलोमीटरच्या आतबाहेर. फायबरमधून प्रकाश ते मिलिसेकंदभरात कापतो, म्हणजे अंतराचा काही प्रश्नच नाही. ७ सप्टेंबर २००१ रोजी जॅक मारेस्को यांनी न्यूयॉर्कमध्ये बसून फ्रान्समधल्या स्ट्रासबर्गच्या रुग्णाचं पित्ताशय रोबोच्या हातांनी काढलं, तेव्हा राखीव लाईनवर विलंब सुमारे १५५ मिलिसेकंदांचा होता. मग तुमच्या घरून बोलताना शब्द का अडखळतील? कारण पुष्कळ परदेशी रोबोंचा आवाज आणि चित्र कंपनीच्या अमेरिकेतल्या सर्व्हरवरून फिरून येतं. कराडचं बोलणं चाकणला जायला दोनदा समुद्र ओलांडतं. संभाषणासाठी एका दिशेचा विलंब १५० मिलिसेकंदांच्या आत असावा, अशी आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाची शिफारस आहे. त्यापलीकडे गेलं की दोघं एकदम बोलू लागतात, मग दोघं एकदम थांबतात, आणि आठवडाभरात लोक त्याला विचारायचं सोडून देतात. विक्रेत्याला स्पष्ट विचारा: रिले सर्व्हर मुंबईत आहे का? लेखी घ्या.

घरी फायबर आणि त्याला पर्याय म्हणून मोबाईल डेटा, दोन्ही ठेवा, आणि आपोआप बदली करणारा राऊटर घ्या. कराडला पावसाळ्यात लाईट जातेच. इन्व्हर्टरवर फक्त दिवे-पंखे असतात, फायबरचा डबा आणि राऊटर राहून जातात, ते त्यावर घ्या. कंपनीच्या बाजूला अडचण वेगळीच असते. रोबो चालत चालत एका वाय-फायच्या टप्प्यातून दुसऱ्यात जातो, आणि त्या बदलात दोन-चार सेकंद गोठतो. आयटीवाल्यांना सांगून रोबोचा सगळा रस्ता चालून बघा, सिग्नल कुठे तुटतो तिथे खूण करा. संपर्क तुटला की रोबो जागच्या जागी थांबलाच पाहिजे. तुमच्यासमोर घरचा राऊटर बंद करून हे दाखवायला सांगा.

शॉप फ्लोअरबद्दल माझं मत ठाम आहे: चाकांचा रोबो तिथे नेऊ नका. तेलकट जमीन, फोर्कलिफ्ट, पत्र्याच्या शेडमध्ये आपटून फिरणारा सिग्नल, आणि प्रेस चालू असताना रोबोचा माईक कितीही चांगला असला तरी त्यात गोंगाटच येतो. मी अशा एका लाईनवर उभं राहून पाहिलंय. पायलट "फिक्स्चरची डावी पिन दाखव" असं चौथ्यांदा सांगत होता आणि ऑपरेटर हाताने "काय?" विचारत होता. तिथे माणूसच त्याचे पाय होऊ दे. एका सहकाऱ्याने कानावर आवाज दाबणारा हेडसेट घालायचा, छातीवर किंवा हेल्मेटवर कॅमेरा लावायचा, आणि भावाने सांगायचं तिकडे पाहायचं. मापायचा गेज कुठे लागतोय, कापलेल्या धातूचा खरखरीत बर कुठल्या कडेला राहतोय, हे असंच नीट दिसतं. चाकांचा रोबो ऑफिसच्या मजल्यापुरता.

आणि ऑफिसातही चाकं लागतातच असं नाही. त्याच्या जुन्या डेस्कवर मान फिरवणारा छोटा रोबो बसवला तर सत्तर टक्के काम भागतं, असा माझा अंदाज आहे. चाकांच्या रोबोची किंमत आयात शुल्क धरून काही लाखांत जाते, आणि त्याचं पहिलं भांडण डोअर क्लोजर लावलेल्या, आपोआप बंद होणाऱ्या दाराशी होतं. तो दार उघडू शकत नाही. कोणी येईपर्यंत तुमचा भाऊ बंद काचेच्या दारासमोर उभा, ही गोष्ट दिवसातून पाच वेळा घडली की त्याला बाहेर पडायची इच्छाच राहत नाही. चाकं घ्यायचीच असतील तर आधी दारं उघडी राहतील अशी व्यवस्था करा. उंचीही पाहा. २०१३ मध्ये विस्कॉन्सिन विद्यापीठातल्या संशोधकांनी दाखवलं होतं की रोबो समोरच्यापेक्षा बुटका असेल आणि तो चालवणाऱ्याकडे टीमचं नेतृत्व असेल, तर त्याचं म्हणणं समोरच्याला कमी पटतं. तुमच्या भावाच्या हाताखाली ज्युनिअर असतील तर हे लागू पडतं. बसलेल्यांत बसल्या उंचीचा आणि उभ्या माणसांत उभ्या उंचीचा होऊ शकेल असा घ्या.

आता ज्या गोष्टीवर सगळं टिकतं तिच्याकडे. रोबोवर कंपनीचा टॅग नको, भावाचं नाव हवं. त्याचा आवाज कमी-जास्त करायचा अधिकार फक्त भावाचा. "जरा हळू बोल" असं तोंडाने सांगावं, जवळ जाऊन बटण दाबू नये. त्याला विचारल्याशिवाय उचलून दुसऱ्या खोलीत ठेवू नये, भिंतीकडे तोंड करू नये. एका ऑफिसात लोक बोलता बोलता रोबोच्या बेसवर पाय टेकवायचे. त्यांच्या मनात काही नव्हतं, पण चालवणाऱ्या मुलीने मला सांगितलं की तिला ते मांडीवर पाय ठेवल्यासारखं वाटतं. ती स्वतः हे बोलू शकत नव्हती, मॅनेजरने सांगितल्यावर थांबलं. दुसरी बाजूही आहे. तिथल्या लोकांनाही कळायला हवं की तो आत्ता आत आहे की नाही. चालू असेल तेव्हा दिवा लागलेला, नसेल तेव्हा कॅमेऱ्यावर झाकण. आपल्यावर कोणीतरी न दिसता नजर ठेवतंय, असं एकदा वाटलं की तीच माणसं रोबोचं तोंड भिंतीकडे करतात. आणि रेकॉर्डिंग अजिबात नाही, हे पहिल्याच दिवशी सगळ्यांसमोर सांगा.

मीटिंगमध्ये त्याची जागा पक्की करा, खिडकीकडे पाठ असलेली. रोबो खिडकीसमोर तोंड करून ठेवला की त्याला सगळ्यांच्या काळ्या आकृत्याच दिसतात. फळ्यावर लिहिणाऱ्याने लिहिताना तोंडाने वाचायचं.

चहाचं मात्र कोणी नियोजन करत नाही. चाकणला साडेदहाला सगळे गेटबाहेर टपरीवर जातात. वाय-फाय गेटपर्यंतही पोचत नाही. कामाच्या निम्म्या गोष्टी तिथे ठरतात: कोण सोडून चाललाय, कुठल्या कस्टमरचं रिजेक्शन आलंय, साहेब का तापलेत. यातून तो बाहेर राहिला तर कागदावर नोकरी असून माणूस तुटलेलाच राहील. उपाय साधा आहे. त्या वेळी एकाने स्वतःच्या फोनवर त्याला घ्यायचं आणि बरोबर न्यायचं. ही ड्युटी लावायची गोष्ट नाही, पण एक-दोन जवळचे मित्र असतील तर त्यांच्या कानावर घालून ठेवा.

रागावणं, अप्रेझल, कामावरून कमी करणं, अशी बोलणी रोबोवरून करू नयेत, असं एचआरकडून आधीच कबूल करून घ्या. २०१९ मध्ये कॅलिफोर्नियातल्या एका रुग्णालयात डॉक्टरांनी रोबोच्या स्क्रीनवरून रुग्णाला त्याचं आयुष्य फार उरलं नसल्याचं सांगितलं. त्याला नीट ऐकूही येत नव्हतं. घरच्यांना झालेल्या त्रासाची बातमी जगभर गेली. जड बोलणं करायचं असेल तर त्यांनी कराडला यावं. तीन-चार तासांचा रस्ता आहे.

पैशाचं स्पष्ट बोला. तो कराडला राहतो म्हणून पगार कमी, असं सुचवलं जाईल. काम तेच असेल तर कमी तासांच्या प्रमाणात कमी, बाकी तोच दर. हे माझं मत आहे आणि त्यावरून मी हलत नाही, कारण दूरस्थ शरीराच्या वाटेने स्वस्त मजुरी शोधणं जगात सुरू झालंच आहे. जपानमधल्या दुकानांत शीतपेयांच्या बाटल्या लावणारे रोबो अडले की ते सोडवणारे ऑपरेटर फिलिपिन्समधल्या मनिलात बसलेले असतात. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ प्रमाणे खासगी आस्थापनांनाही समान संधी धोरण जाहीर करावं लागतं. त्यांचं धोरण मागून घ्या आणि रोबो, इंटरनेटचा खर्च, बसण्याची साधनं ही सोय त्यात लिहून घ्या. यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र) काढलं नसेल तर आधी ते काढा.

आता लगेच करायचं ते असं. काहीही विकत घेऊ नका. एक जुना टॅबलेट, फिरणारा मोटराइज्ड स्टँड आणि बरा स्पीकर-माईक एवढं त्याच्या जुन्या डेस्कवर लावा आणि महिनाभर रोज दोन-तीन तास तो तिथे असू दे. त्याला एक खरं, मुदतीचं काम द्यायला सांगा. महिन्याच्या शेवटी त्याला दोन गोष्टी विचारा: किती वेळा कोणी आपणहून डेस्कशी येऊन त्याच्याशी बोललं, आणि किती वेळा त्याला कुठेतरी जायचं होतं पण जाता आलं नाही. पहिला आकडा शून्याजवळ असेल तर चाकांनी काही बदलणार नाही, आधी मॅनेजरशी बोला. दुसरा मोठा असेल तर चाकांचा रोबो मागवा. त्याआधी एखाद्या ऑक्युपेशनल थेरपिस्टकडून त्याचं बसणं आणि हाताची ताकद तपासून घ्या. तो किती वेळ बसतो, मनगट कितपत उचलतो आणि व्हीलचेअर मागे झुकते का, एवढं कळवलंत तर जॉयस्टिक की ट्रॅकबॉल हे मी सांगू शकेन.